सील न फोडता

वस्तू विकत घ्यायची आणि ती वापरायची नाही, ही कला मराठी मध्यमवर्ग कोणत्याही गुरूकडून शिकलेला नाही. ती त्याने स्वतःच्या प्रतिभेने सिद्ध केली आहे. टीव्हीच्या रिमोटला चढवलेली प्लास्टिकची पिशवी, जिच्यातून बटणांवरचे आकडे दिसत नाहीत. शोकेसमध्ये उभे असलेले आणि चहाचा कधी स्पर्श न झालेले बोन चायनाचे कप. पाहुण्यांसाठी राखलेली आणि पाहुणे आले की "ती नको, चांगली आहे ती" म्हणून पुन्हा कपाटात जाणारी चादर. या साऱ्यांमागे एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. उपभोग हा वस्तूचा मृत्यू आणि प्रतीक्षा हे तिचे जीवन, असे ते तत्त्वज्ञान मानते. दर्शनांच्या इतिहासात या मताची नोंद सापडत नाही, याचे कारण एवढेच असावे की, ज्यांनी ते लिहायचे त्यांनी वही चांगली आहे म्हणून कोरीच ठेवली.

धम्मरत्न ओव्हाळने या तत्त्वज्ञानावर पोट भरण्याची सोय केली होती. चाकणला गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटी विभागाचा प्रमुख होता. राहायला पुनावळ्यात, जिथे परवापरवापर्यंत ज्वारी डुलत होती त्या जागेच्या अकराव्या मजल्यावर. वस्तू कोठून आली, कोणाच्या हातून गेली, वाटेत तिला कोणी काय केले, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याचे व्रत होते. कंपनीत या व्रताला पगार होता. घरी ते तो मेथीच्या जुडीलाही लावत असे, आणि मेथीवाली मावशी त्याला लांबून येताना पाहून जुड्यांवर पोते टाकीत असे.

त्याची पत्नी दीक्षा चिंचवडच्या एका बँकेत अधिकारी होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिची स्कूटर घसरली, घोट्याचे हाड मोडले, आणि लग्नानंतर प्रथमच तिला सक्तीने बसावे लागले. बसल्या बसल्या तिला आठवले की, आयुष्यात एक काम अर्धवट राहिले आहे.

ती शाळेत असताना निगडीच्या कामगार कॉलनीत टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालून खेळायचा गेम तासावर भाड्याने मिळत असे. त्यातल्या एका बुटक्या खाणकामगाराला तिने दऱ्या, वटवाघळे आणि गडगडणारे धोंडे पार करवून शेवटच्या पुलापर्यंत आणले होते. कॉलनीतली पोरे श्वास रोखून पाठीमागे उभी होती. आणि त्या दिवशी गुरुवार होता. या गावात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि विजेलाही. पडदा काळा झाला.

"तीस वर्षं तो त्या पुलावर उभा आहे," दीक्षा म्हणाली. "प्लास्टर निघालं की मार्च एंड. मग मला मरायलासुद्धा रजा मिळायची नाही. अहो, एकदा त्याला पलीकडे नेऊ द्या मला."

भाच्याने तोच खेळ तिला फोनवर घालून दिला होता. तिने दोन मिनिटांत फोन बाजूला ठेवला. काचेवर बोट घासून उडी मारता येत नाही, असे तिचे मत पडले. उडी मारली हे आधी अंगठ्याला कळले पाहिजे, मग डोळ्याला.

तिने स्वतःच शोध घेतला आणि जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर तिला हवी ती जोडी सापडली. चऱ्होलीच्या कोणा ज्योतीराम नावाच्या गृहस्थाने घरातला टीव्ही गेम विकायला काढला होता. यंत्र, दोन कंट्रोलर आणि नेमकी ती कॅसेट. 'चालू स्थितीत', असे खाली लिहिले होते.

"वापरलेला आहे," धम्मरत्न म्हणाला.

"गेम आहे तो. टूथब्रश नाही."

"कोणी वापरला, किती वर्षं, कशा हातांनी, काही माहिती आहे? आंब्याच्या दिवसांत वापरला असेल तर?"

"मग गोड लागेल."

"दीक्षा, मी माझ्या बायकोला सेकंडहँड वस्तू भेट देणार नाही."

दीक्षाने त्याच्याकडे पाहिले. भेटीचा विषय कोणी काढलाच नव्हता. पण नवऱ्याच्या स्वाभिमानाला एकदा पाय फुटले की, आपला पाय प्लास्टरमध्ये असताना त्याच्यामागे धावू नये, एवढा विवेक तिच्यापाशी होता.

येथून पुढे धम्मरत्नने प्रकल्प हाती घेतला. प्रकल्प हाती घेणे म्हणजे साधे काम अशा रीतीने करणे की, ते न झाल्यास जबाबदार कोण हे सांगता येऊ नये. त्याने चार रात्री वाचन केले आणि वाकडच्या अजिंक्य नावाच्या तरुण संग्राहकापर्यंत तो पोचला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या या तरुणाने आपल्या फ्लॅटमधल्या एका खोलीला एसी, पडदे आणि आर्द्रता मोजणारे यंत्र बसवले होते. आई मात्र बाहेर हॉलमध्ये पंख्याखाली बसली होती. अजिंक्यने पांढरे हातमोजे घातले, कपाट उघडले आणि एखादे तान्हे मूल दाखवावे तसे एक खोके बाहेर काढले. 'ब्ल्यू कोब्रा'. वर कंपनीचे पातळ, ताणलेले प्लास्टिक, कोठेही न फाटलेले.

"सर, फॅक्टरी सील्ड पीस आहे. अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल."

येथे थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. 'ब्ल्यू कोब्रा' हे यंत्र एका जपानी यंत्राची उघडउघड नक्कल होते. त्या काळी कॉलनीत पोचले ते सारे नकलीच पोचले. मूळ यंत्र पाहिलेला माणूस निगडीत दाखवावा आणि बक्षीस घ्यावे. खोक्यावर 'मेड अ‍ॅज जपान' असे मोठ्या प्रामाणिकपणे छापलेले होते. अजिंक्य ज्याची ग्वाही देत होता ती अशी: हे खोके नकलेची नक्कल नसून अस्सल नक्कल आहे. संस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या वाक्यापाशी थांबावे आणि आपण इतकी वर्षे नेमके काय लिहीत होतो याचा विचार करावा.

"तुम्ही खेळता का यावर?" धम्मरत्नने विचारले.

अजिंक्यच्या चेहऱ्यावर, देवळात चपला घालून आलेल्या माणसाकडे पाहावे तसा भाव उमटला. "सर, हे खेळायचं नसतं. हे होल्ड करायचं असतं. सील फोडलं की व्हॅल्यू संपली."

ही सूचना धम्मरत्नने ऐकली, मान डोलावली आणि खोके घेतले. त्याची किंमत येथे देत नाही. खरी द्यावी की दीक्षाला सांगितलेली द्यावी, हा पाठभेदाचा प्रश्न आहे.

तो घरी आल्यावर खोके पाहून दीक्षा खरोखर आनंदली. अजिंक्यची सूचना धम्मरत्नने रस्त्यात कोठेतरी, बहुधा भूमकर चौकाच्या कोंडीत, मनातल्या मनात सोयीस्कर बाजूला ठेवली होती. दीक्षाने कुबडी घेतली, लंगडत स्वयंपाकघरात जाऊन कात्री आणली, खोके मांडीवर घेतले आणि प्लास्टिकला टोक लावले. त्या टोकाबरोबर अजिंक्यचे शब्द धम्मरत्नच्या काळजात शिरले.

"थांब."

"काय झालं?"

"नाही, म्हणजे, घाई काय आहे?"

"घाई?" दीक्षा म्हणाली. "तीस वर्षं."

नेमक्या या क्षणी समोरच्या फ्लॅटमधले लक्ष्मणराव आत आले. ते बेल वाजवीत नसत. ज्या जमिनीवर हा टॉवर उभा होता ती त्यांची होती, आणि कागदावर काहीही झाले असले तरी आपल्या रानात शिरताना बेल वाजवण्याची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती. गळ्यात जाड साखळी, अंगात बनियन, हातात स्वतःच्या घरचा चहाचा कप. त्यांनी सारी हकीगत ऐकली आणि दीक्षाच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली.

"वयनी, खुळ्या का काय तुमी? आवो, ह्यो पलाट हाय."

"प्लॉट?"

"मंग. मोकळा पलाट. आमच्या थोरल्या भावानं घाई केली, बांदलं घर. आज काय हाय त्याच्यापाशी? घर. म्या तसाच ठिवला, गवात वाडू दिलं. आज भाव इचारा. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बांदू नका, साहेब. धरून ठिवा."

"आणि मी खेळू कशावर?" दीक्षाने विचारले.

लक्ष्मणरावांनी या प्रश्नाचा खोलवर विचार केला. "पत्त्यावर," ते म्हणाले.

धम्मरत्नला हे पटले, हे सांगताना लेखणीला लाज वाटते, पण पटले. दीक्षाने पाय स्टुलावर ठेवला आणि टीव्हीवर चालू असलेल्या एका मालिकेकडे, आवाज बंद करून, तासभर पाहत राहिली. संसाराची काही वर्षे ज्याने काढली आहेत त्याला या शांततेचा अर्थ सांगावा लागत नाही.

लक्ष्मणरावांचे काम मात्र संपले नव्हते. जाता जाता त्यांनी खोके उचलून कानापाशी धरले आणि नारळातले पाणी पाहावे तसे हलवले.

"आत त्योच हाय कशावरनं पन? माझ्या मेव्हन्यानं मोबाइल घ्येतला सीलबंद. उगडला तर साबनाची वडी. ती बी वापरलेली."

त्या एका वाक्याने धम्मरत्नची झोप गेली. आत यंत्र आहे हे अजिंक्यने सांगितले, म्हणजे ते शब्दप्रमाण. आणि धम्मरत्नच्या बौद्ध परंपरेतल्या तर्कपंडितांनी शब्दप्रमाण निकालात काढून शतके लोटली आहेत. उरले प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्षासाठी सील फोडावे लागणार, आणि सील फोडले की जे सिद्ध करायचे त्याचे मोलच नाहीसे होणार. अनुमान करावे तर खोक्यातून येणारा खडखड आवाज यंत्राचाही असू शकतो आणि सुकलेल्या साबणाचाही. ज्या पेचाने मोठमोठी विद्यापीठे गाजली असती तो पेच पुनावळ्याच्या एका सोफ्यावर पडला होता, आणि त्याच्याशेजारी पाय लांब करून बसलेली एक बाई तो पेच कात्रीने सुटेल असे सांगत होती.

"एक्स-रे," धम्मरत्न पहाटे म्हणाला.

"परवा आहे माझा."

"तुझा नाही. ह्याचा."

दोन्ही एक्स-रे एकाच दिवशी करावेत अशी त्याची योजना होती. दीक्षाला रुग्णालयाच्या चाकाच्या खुर्चीत बसवून, तिच्या मांडीवर खोके ठेवून तो एक्स-रे विभागात गेला. तेथील तंत्रज्ञ बाईंनी दीक्षाचा पाय टिपला आणि खोक्याकडे बोट केले.

"हे कोणाचं?"

"ह्याचाही एक काढायचा होता," धम्मरत्नने शक्य तितक्या सहज सांगितले.

बाईंनी हरकत घेतली नाही. त्यांनी संगणकाकडे वळून विचारले, "पेशंटचं नाव?"

"नाव असं नाही."

"वय?"

"तीसच्या आसपास."

"डॉक्टरांची चिठ्ठी? कुठली बाजू काढायची ते लिहिलेलं लागतं. आणि स्त्री की पुरुष हे भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही, सर."

धम्मरत्न चिठ्ठी मागायला खरेच डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला. तेथे रांगेत त्याचा नंबर येईपर्यंत दीक्षाने स्वतःच चाके वळवून खुर्ची लिफ्टपर्यंत नेली होती. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, "ज्योतीरामचा नंबर आहे माझ्याकडे. चऱ्होलीचा. नुसता सांगून ठेवते."

पण धम्मरत्नच्या डोक्यात आता उजेड पडला होता. माणसांचा एक्स-रे काढणाऱ्यांकडे तो गेलाच कशाला? त्याच्या कंपनीत लोखंडी कपाटाएवढे एक यंत्र होते. ओतलेल्या भागांच्या पोटात हवेची पोकळी राहिली आहे की नाही हे ते यंत्र दिवसभर पाहत असे. त्याला ना नाव लागत असे, ना वय, ना लिंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोके काखेत घेऊन तो कंपनीच्या गेटवर उभा राहिला. सुरक्षा प्रमुख रणजीत, लष्करातून निवृत्त झालेला, मिशीची दोन्ही टोके समान उंचीवर राखणारा माणूस, सलाम ठोकून म्हणाला, "सर, हे काय म्हणून आत घ्यायचं?"

"सँपल म्हणून."

"सँपल," रणजीतने लिहिले, खोक्याला चिठ्ठी अडकवली आणि वाट दिली. आत जाणे हे नेहमीच असे सोपे असते.

जेवणाच्या सुट्टीत एक्स-रे यंत्रावरच्या कुलदीपने खोके आत ठेवून दार लावले. पडद्यावर करड्या रंगात एक एक गोष्ट उमटू लागली: सर्किटची पाटी, वायरी, दोन कंट्रोलर, शेजारी अ‍ॅडॉप्टर. साबण नव्हता. धम्मरत्नला कॉलनीतली ती दुपार स्वतः न पाहताही आठवल्यासारखी झाली.

"पोरॉसिटी नाही, सर," कुलदीप गंभीरपणे म्हणाला. "हा कोपरा जरा संशयास्पद वाटला, पण तो स्क्रू आहे. पार्ट ओके."

आणि ओके ठरलेल्या प्रत्येक भागावर तो दिवसातून शेकडो वेळा जे करीत असे ते त्याने केले. खोके बाहेर काढले, खिशातला पिवळ्या रंगाचा मार्कर उघडला आणि त्या ताणलेल्या, निष्कलंक प्लास्टिकवर, 'मेड अ‍ॅज जपान' या अक्षरांच्या बरोबर मधोमध, एक ठसठशीत बरोबरची खूण ओढली.

हा रंग इंजिनाच्या उष्णतेत टिकतो. तो निघू नये म्हणून धम्मरत्ननेच दोन पुरवठादार नाकारून हा निवडला होता.

तरीही सील शाबूत होते. धम्मरत्नने स्वतःला समजावले की, खूण ही एका अर्थी प्रमाणपत्र आहे, आणि संध्याकाळी तो गेटवर आला. रणजीतने खोके टेबलावर ठेवले, चिठ्ठी तपासली आणि खिशातून कटर काढला.

"हे काय?"

"आउटवर्ड आहे सर. सील तोडून बघायचं."

"अहो, हे माझं आहे. घरचं आहे."

"हो सर. मी फक्त प्रोसिजर करतो."

रणजीतने नम्रपणे पाठीमागच्या भिंतीकडे हात केला. तेथे काचेच्या चौकटीत एक आदेश लटकत होता. मध्यंतरी कोणीतरी कंपनीची तांब्याची वायर मिठाईच्या सीलबंद खोक्यांतून घरी नेत असल्याचे उघडकीस आले होते, आणि तेव्हा हा आदेश निघाला होता: सीलबंद खोके गेटबाहेर जाताना सील तोडून आतील वस्तू प्रत्यक्ष पाहावी, हुद्दा, नाते किंवा प्रसंग लक्षात न घेता, अपवाद नाही. खाली सही होती. ती धम्मरत्नची होती, आणि आदेशाला वजन यावे म्हणून त्याने तेव्हा ती मुद्दाम मोठी करून छापून घेतली होती. नियम करणारी माणसे संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी जातात, हे नियमांच्या कडकपणाचे एक कारण आहे.

"रणजीत, एकदा समजून घे."

"सर, दिवाळीत एचआरच्या मॅडमचा फराळाचा डबा मी न उघडता सोडला. तुम्ही मेमो दिला मला." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच जास्त लागले. "म्हणाला होतात, समजून घेण्यापासूनच चोरी सुरू होते. मी मुलांना पण सांगतो ते वाक्य."

पाठीमागे शिफ्ट सुटली होती. पाठपिशव्या घेतलेले तीसेक लोक रांगेत उभे राहून आपल्या क्वालिटीच्या साहेबाची तपासणी पाहत होते. कोणीतरी म्हणाले, "मिठाई आहे का?" धम्मरत्नने भिंतीवरची आपली सही वाचली. मग त्याने होकाराची मान हलवली.

कटर फिरला. तीन दशके ताणून बसलेल्या प्लास्टिकने एक बारीक निःश्वास सोडला. रणजीतने आत डोकावून पाहिले. "गेम आहे, सर," त्याने जाहीर केले आणि रजिस्टरमध्ये लिहिले: खेळणे, एक.

चाकण ते पुनावळे या रस्त्यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो, कारण गाडी हलत नाही. मोशीपर्यंत धम्मरत्न शोकात होता. भोसरीच्या आसपास त्याला चमत्कारिक हलकेपणा जाणवू लागला. सील फुटले होते, किंमत गेली होती, आता वाचवण्यासारखे काही उरले नव्हते; म्हणजे दीक्षा खेळू शकत होती. घरी पोचेपर्यंत हा सारा घटनाक्रम आपणच घडवून आणला, असे त्याला वाटू लागले होते.

"घे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी फोडलं."

दीक्षाने पिवळ्या खुणेकडे पाहिले आणि यंत्र बाहेर काढले. वायरी जोडल्या. अ‍ॅडॉप्टर लावला. यंत्रावरचा छोटा लाल दिवा लागला आणि दोघेही नकळत हसले. मग तिने खोक्यात हात घातला, खोके उलटे केले, झटकले.

"कॅसेट?"

खोक्याच्या तळाशी, कोणीही वाचू नये अशा अक्षरांत छापलेले होते की, कॅसेट वेगळी विकत घ्यावी. धम्मरत्नने तिथल्या तिथे अजिंक्यला फोन लावला.

"कॅसेट आहे ना, सर," अजिंक्य उत्साहाने म्हणाला. "सील्ड आहे. पण ओपन करणार नसाल तरच देतो."

दीक्षाने फोन त्याच्या हातातून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या फोनवरून ज्योतीरामला लावला. शनिवारी, पायाखाली उशी घेऊन, ती गाडीच्या मागच्या सीटवर आडवी बसली. धम्मरत्न गाडी चालवीत होता. उघडलेले खोके त्याने पुढच्या सीटवर ठेवले होते. कॅसेट तेवढी विकत मागू, यंत्र तर आपल्याकडे आहेच, असा त्याचा शेवटचा किल्ला अजून उभा होता.

चऱ्होलीत ज्योतीरामचा बंगला शोधायला अडचण आली नाही. आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या फलकांवर त्याच्याच कुटुंबाचे फोटो होते. ज्योतीराम मात्र दारात अवघडून उभा होता.

"या. जरा घोळ झालाय, भाऊ. जाहिरात मी टाकली, पण आईला विचारलं नव्हतं."

हॉलमध्ये मोठा थोरला नवा टीव्ही बंद होता. त्याच्या शेजारी स्टुलावर जुना, फुगीर काचेचा टीव्ही चालू होता, आणि त्यासमोर सतरंजीवर नऊवारीतल्या, हातात गोठ-पाटल्या घातलेल्या एक बाई कंट्रोलर घेऊन बसल्या होत्या. या सुभद्राबाई. पडद्यावर बुटका खाणकामगार वटवाघळांना चुकवीत धावत होता.

"इकायचं न्हाई," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "पोरानं परस्पर टाकलं. समदं इकून झालं ह्येंचं, आता ह्याच्यावर डोळा. दुपारचं म्या काय करू मंग?"

"नुसती कॅसेट दिलीत तरी चालेल," धम्मरत्न म्हणाला. "मशीन आहे आमच्याकडे. नवीन. सीलबंद होतं."

"मंग त्याच्याशी ख्येळा की," सुभद्राबाई म्हणाल्या. खाणकामगार दरीत पडला. त्यांनी वळून दीक्षाचे प्लास्टर पाहिले, तिचा चेहरा पाहिला, आणि दुसरा कंट्रोलर सतरंजीवर सरकवला. "बस गं बाय. येतं का?"

"शेवटच्या पुलापर्यंत येतं," दीक्षा म्हणाली.

सुभद्राबाईंनी प्रथमच कंट्रोलर खाली ठेवला. "मी बी तिथवरच जाती. तिथं दोन उड्या लागोपाट लागत्यात. दोन्हींचं बी ह्ये बटान अडकतंय. एक उडी होती, दुसरीला मानूस खाली."

दीक्षा भिंतीला टेकून बसली. पाय लांब केला. अंगठे बटणांवर ठेवले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आले ते धम्मरत्नने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्याला ते शोकेसमधल्या कपांसारखे कोठेतरी ठेवून दिले गेले असावे, असे वाटले. तिने दऱ्या ओलांडल्या, धोंडे चुकवले, आणि खाणकामगार पुलावर आला. पहिली उडी. दुसरीला बटण आत गेले ते वर आलेच नाही. खाणकामगार पडला. ती पुन्हा तेथवर गेली. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कंट्रोलर मांडीवर ठेवून तिने बटण नखाने वर काढले.

"दे तो इकडे," धम्मरत्न म्हणाला.

ज्योतीरामने पेचकस आणून दिला. धम्मरत्नने अडकणारा कंट्रोलर उघडला. बटणाखालचे रबर वर्षानुवर्षांच्या अंगठ्यांनी झिजून कागदासारखे झाले होते. त्याने ते बोटांत धरून उजेडात पाहिले. मग तो गाडीतून खोके घेऊन आला, आतला नवा, माणसाच्या हाताचा घाम न लागलेला कंट्रोलर काढला, त्याची पिन जुन्या यंत्रात बसेना, तेव्हा सतरंजीवर बसून त्याचे चारही स्क्रू सोडवले. अस्सल नकलेचे रबर त्याने त्या जुन्या, आंब्याच्या किती मोसमांतून गेलेल्या डबीत बसवले, बटण चारदा दाबून पाहिले, आणि ते चारही वेळा वर आले.

"ओके," तो म्हणाला.

या वेळी हॉलमध्ये कोणी हलले नाही. पहिली उडी. दुसरी. खाणकामगार पुलाच्या पलीकडे उतरला, एक क्षण थांबला, आणि पडद्यावर पहिली दरी पुन्हा सुरू झाली. शेवट म्हणून तेथे काहीच नव्हते. ना अक्षरे, ना गाणे, ना शाबासकी. दीक्षा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

"एवढंच व्हय?" सुभद्राबाई म्हणाल्या. "बरं. आता मला शिकव. तुमी दोगं च्या घ्या तवर. आन् बाय, पाय असा खाली ठिवू नगं, सुज येती." त्यांनी इकडेतिकडे पाहिले, जवळच पडलेले खोके ओढून रिकामे केले आणि दीक्षाच्या प्लास्टरखाली नीट सरकवले.

तेवढ्यात धम्मरत्नचा फोन वाजला. अजिंक्य होता. त्याचा आवाज बदललेला होता, अपघात झालेल्या घरी फोन करावा तसा हलका.

"सर, सील गेलंय ते समजलं मला कॅसेटच्या फोनवरून. वाईट वाटलं. पण ऐका, नुसत्या खोक्यालाही कलेक्टर असतात. कोपरे दबलेले नसतील तर चांगली ऑफर देतो. रिकामंच आहे ना आता?"

धम्मरत्नने खोक्याकडे पाहिले. पिवळ्या खुणेवर दीक्षाची टाच विसावली होती आणि एक कोपरा सावकाश आत दबत चालला होता.

"खोकं देता येणार नाही," तो म्हणाला. "ते वापरात आहे."